चार सेकंद निःशब्द

नायनाचा रेडिओ मागाच्या खांबाला
सुतळीने बांधलेला,
वर चादरीचाच एक तुकडा, कडेची वीण सुटलेला.
हिंदी गाणी संपली की त्याच काट्यावर
दुसरीच भाषा सुरू व्हायची,
आणि नायनाचा एक हात धोट्याच्या दोरीला, एक फणीला,
म्हणून बंद कुणी करायचं नाही.

तशी ती आमच्या घरात आली.
आधी एक शब्द म्हणायची, आयुबोवन,
मग थांबायची.
कडी वाजल्यावर हात पुसून दार उघडायला
जेवढा वेळ लागतो, तेवढी.
मग पुढचं.
मग तिच्यामागून कुणीतरी गायची,
खरखरीतून, समुद्रावरून, साखर पेठेत.

मला वाटायचं ते तिचं नाव.
अम्मा विड्या वळता वळता म्हणायची,
आली बघ तुझी आयुबाई, सूप सरकव इकडे.
घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी,
चौथी नाही कळली तर
काय अडणार होतं आमचं?

पुढे मी आवाजाच्या चाचणीला बसले.
तिसऱ्या खेपेला पास.
अनसूया मादगुंडी, नैमित्तिक उद्घोषक,
महिन्याला सहा ड्युट्या, चेक दोन महिन्यांनी.
कायम हा शब्द मी सत्तावीस वर्षं
फक्त हवामानात वाचला :
सोलापुरात उष्णतेची लाट कायम.

केंद्राचं नाव सांगितलं की मी थांबायची.
ठरवून नाही. दार उघडेपर्यंत.
हत्तुरे साहेब काचेपलीकडून हात हलवायचे,
दुसऱ्या दिवशी मेमो :
बिघाड यंत्रात की उद्घोषकात, खुलासा करावा.
मी खुलासा केला नाही.
काय लिहिणार होते?

भाऊ अक्कलकोट रोडला टॉवेल मोजतो.
तिथे एकदा कोलंबोचा व्यापारी आला, विजेतुंग नावाचा.
भाऊ त्याला जेवायला घरी घेऊन आला.
कडक भाकरी, शेंगाचटणी, डोळ्यांत पाणी,
तरी म्हणे अजून वाढा.
मी विचारलं, आयुबोवनबाई अजून आहेत का?
तो हसला. मग हसायचा थांबला.
नाव नाही ते ताई, नमस्कार आहे आमचा.
आयुष्य लाभो, असा.
सगळेच म्हणायचे.

मग ती कोण?
कोण जाणे. पुष्कळ होत्या.
त्याची मावशी नंदावती, ती गायची रेडिओवर.
महिन्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, थेट.
गावाहून पहाटेच्या गाडीने यायची,
पैसे भाड्याला पुरायचे, वर एक फणस.
एकोणतीस वर्षं.
एकही टेप नाही. टेप महाग,
तिच्या आवाजावर भाताच्या किडीचं भाषण भरलं.

मी ताक वाढलं.
माझ्या दोन श्रुतिका
ज्वारीच्या खोडमाशीखाली आहेत,
हे त्याला सांगितलं नाही.
रात्री मात्र हिशेब करत बसले :
त्या वर्षांत मागापाशी बसून ऐकलेल्यांतली
एखादी नंदावती असेलच की.
नसेलही.

पन्नाशीनंतर नैमित्तिक नको, असं पत्र आलं.
खाली सही नव्हती, शिक्का होता.
शेवटची ड्युटी रात्रीच्या सभेची.
एसीचं पाणी बादलीत टपकत होतं.
श्रोतेहो, म्हटलं,
आणि थांबले.

दोरीचा एक हिसका, धोटा पलीकडे.
दुसरा हिसका, धोटा अलीकडे.
अम्माची कात्री.
कडी वाजली होती, कुणीतरी हात पुसत येत होतं.

मग बाकीचं वाचलं. उद्याचे कार्यक्रम, शुभ रात्री.

हत्तुरेंच्या खुर्चीत आता एक नवा मुलगा आहे.
त्याने लॉगबुकात निळ्या शाईने लिहिलं :
रात्री अकरा वाजून दोन मिनिटे.
चार सेकंद निःशब्द.
कारणाचा रकाना रिकामा ठेवून
वही माझ्याकडे सरकवली,
मॅडम, सही.

टेपा पुसतात.
लॉगबुकं पाच वर्षं ठेवायची असा नियम आहे.
मी पूर्ण नावाने सही केली,
आणि त्या रिकाम्या रकान्यावर
पेन जरा टेकवून धरलं.
ठिपका उमटला एक.
मुलगा म्हणाला, असू द्या.